नागपूरच्या ले-आऊटमध्ये पंप ट्रॅक : आधी माती, मग पाणी, आकार शेवटी

आमच्या ले-आऊटमधला पहिला पंप ट्रॅक, म्हणजे सायकलसाठीचा मातीच्या उंचवट्यांचा मार्ग, फेब्रुवारीत उभा राहिला आणि जुलैत वाहून गेला. मध्ये नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस) आला, तेव्हा त्याच्या उंचवट्यांना पंजा आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. तेव्हाच कळायला हवं होतं. आकारात खोट नव्हती, तो आम्ही टेप लावून, सेंटिमीटरचा हिशोब ठेवून काढला होता. खोट मातीत होती. जागेवरचीच काळी माती उकरून आम्ही ढीग रचले होते. काळ्या मातीचा स्वभाव विदर्भातल्या कुठल्याही शेतकऱ्याने चहाच्या एका कपात सांगितला असता, पण विचारलं कोणी?

दुसऱ्या ट्रॅकने तीन पावसाळे काढले आहेत. खाली लिहिलंय ते त्याच्या जोरावर.

ज्यांनी पंप ट्रॅक पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मातीचे किंवा डांबराचे गोलसर उंचवटे असतात, त्यांना रोलर म्हणतात. दोन्ही टोकांना आतल्या बाजूला कललेली वळणं असतात, ती बर्म. या सगळ्यांची मिळून एक बंद फेरी होते. सायकलवर उभं राहायचं आणि पॅडल न मारता, फक्त अंग वर-खाली करून वेग राखायचा. झोक्यावर उभं राहून झोका चढवतो, तेच गणित. गिअरची सायकल लागत नाही. बीएमएक्ससारखी छोट्या चाकांची सायकल, धाकट्यांची बिनपॅडलची सायकल, डांबरी ट्रॅक असेल तर स्केटबोर्डसुद्धा, सगळं चालतं. स्वित्झर्लंडच्या वेलोसोल्युशन्स या कंपनीने डांबरी ट्रॅक जगभर नेले, आणि २०१८ मध्ये अमेरिकेत आर्कन्सातल्या स्प्रिंगडेलला रेड बुलच्या जागतिक पंप ट्रॅक स्पर्धेची पहिली अंतिम फेरी झाली. डांबरी ट्रॅक ही मनपाच्या बजेटची गोष्ट आहे, शिवाय आपल्याकडच्या मे महिन्यात काळ्या डांबरावर पडलेलं पोरगं खरचटण्याआधी भाजेल. पहिला ट्रॅक मातीचाच करा. चुकला तर फावड्याने सुधारता येतो.

जागा आणि कागद

दोन सरळ पट्टे आणि दोन वळणं, एवढ्या साध्या लांबट गोलाला २६ बाय १२ मीटर लागतात. भोवती पडायला दोन-दोन मीटर मोकळं सोडा. म्हणजे ३० बाय १६ मीटर, आपल्या भाषेत शंभर बाय बावन्न फूट. त्यात विजेचा खांब, बोअरवेलचं झाकण, झाड किंवा लोखंडी बाक नको. जागा जराशी उतरती असेल तर उत्तमच, पाणी कुठे जाणार हे ती स्वतःच सांगते. सभोवतीच्या रस्त्यापेक्षा खोलगट प्लॉट फुकट मिळाला तरी घेऊ नका.

जागा नेमकी कोणाची, हे आधी शोधा. ले-आऊटची ओपन स्पेस सोसायटीच्या ताब्यात असू शकते, नासुप्रकडे (नागपूर सुधार प्रन्यास) असू शकते किंवा मनपाकडे सोपवलेली असू शकते. शेजारच्या काकांना 'आपलीच आहे' असं वाटत असतं, तो पुरावा नव्हे. मंजूर नकाशाची प्रत काढा, त्यावर त्या तुकड्याचं आरक्षण काय लिहिलंय ते वाचा आणि अर्जाला तीच प्रत जोडा. अर्जात 'पंप ट्रॅक' एवढंच लिहिलं तर वाचणाऱ्याला पाण्याचा पंप आठवतो. 'मुलांसाठी मातीचा सायकल सराव ट्रॅक, पक्कं बांधकाम नाही, काढून टाकता येण्याजोगा' असं सरळ लिहा. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की अर्ध्या शहराची यंत्रणा त्यात गुंतते, म्हणून अर्ज दिवाळीआधी जाऊ द्या. आणि अंबाझरी, गोरेवाडा किंवा सेमिनरी हिल्सच्या बाजूला झाडीत 'कोण बघतंय' म्हणून कुदळ लावू नका. वनजमिनीवर एक खड्डासुद्धा महागात पडतो.

बांधायचा हंगाम ऑक्टोबरचा शेवट ते जानेवारी. पावसाळा नुकताच संपलेला असतो, जमिनीत ओल असते, विहिरीला पाणी असतं आणि दुपारी काम करताना कोणी चक्कर येऊन पडत नाही. एप्रिल-मेमध्ये चोपलेली माती ओल धरायच्या आत वाळते, ती नीट बसतच नाही.

माती

नागपूर अशा ठिकाणी वसलंय की मातीच्या बाबतीत एका शहरात दोन-तीन गावं आहेत. सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, पश्चिमेचा बराचसा भाग हा बेसाल्टचा, दख्खनच्या लाव्ह्याच्या थरांचं इथलं पूर्वेकडचं टोक. बेसाल्ट कुजला की मुरूम होतो, आणखी कुजून सखलात साठला की काळी माती. या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आक्रसते. कापसाला ती सोन्यासारखी, पण तिच्यावर उभ्या केलेल्या कशालाही वैरीण. घराच्या भिंतींना जे करते तेच तुमच्या रोलरला करणार, फक्त लवकर.

तुमच्या मातीची परीक्षा घरीच होते. स्टीलच्या दोन सारख्या वाट्या घ्या. एकीत जागेवरची माती, दुसरीत आणवायच्या मुरुमाचा बारीक चाळ, दोन्ही पाणी घालून थालीपिठाच्या पिठाएवढी सैल मळा, काठोकाठ दाबून भरा आणि गच्चीवर तीन दिवस उन्हात ठेवा. आमच्या काळ्या मातीची वाटी चौथ्या दिवशी हलवली तर आतली चकती सुटून खुळखुळ्यासारखी वाजत होती, कडेला पेन्सिल बसेल एवढी फट. मुरुमाच्या वाटीत कडेला नखही शिरत नव्हतं. पहिल्या ट्रॅकआधी ही दोन वाट्यांची करामत केली असती तर पाच महिन्यांचं काम वाचलं असतं.

दुसरी परीक्षा बाटलीची. एक लिटरच्या पारदर्शक बाटलीत तिसरा हिस्सा माती, वर पाणी, चिमूटभर कपड्याचा साबण. दोन-तीन मिनिटं जोरात हलवून ठेवून द्या. पहिल्या मिनिटात तळाशी बसते ती रेती. पुढच्या दोन तासांत बसते ती पोयट्यासारखी बारीक माती. दुसऱ्या दिवसापर्यंत वर तरंगत राहून मग बसते ती चिकणमाती. चिकणमातीचा थर एकूण थराच्या पाव हिश्शाच्या आसपास हवा. फार कमी असेल तर ट्रॅक उन्हाळ्यात पिठासारखा उडतो, फार जास्त असेल तर पावसात साबण होतो. मुरूम जास्त रेताड निघाला तर त्यात वीटभट्टीवाले वापरतात तसली चिकट पिवळी माती मिसळा. काळी नाही.

मुरूम गौण खनिजात मोडतो, म्हणून ट्रॅक्टरवाल्याकडून रॉयल्टीची पावती आणि वाहतुकीचा पास मागून घ्या. स्वस्तात, बिनापावतीचा, रात्री अकराला येणारा मुरूम नको. त्यात निम्मा बांधकामाचा मलबा निघतो आणि खिळे सायकलच्या ट्यूबमध्ये.

जागेवर खोल काळी माती असेल तर सरळ पट्ट्यांखालची २० सेंटिमीटर माती काढून तिथे मुरूम भरा. काळ्या मातीवर न फुगणाऱ्या पण चिकट मातीची गादी घालायची पद्धत आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टींनी रुजवली. कालवे-इमारतींसाठी ती गादी मीटरभर जाड लागते. आपल्या ट्रॅकवर वजन चाळीस-पन्नास किलोच्या मुलांचं, आणि भेग पडली तर बुजवायला आपण तिथेच राहतो, म्हणून २० सेंटिमीटर पुरतात. काढलेली काळी माती फेकू नका. गोलाच्या मधल्या भागात टाकून तिथे जास्वंद, सदाफुली लावा. आमच्याकडे काकूंनी वांगी लावली. सायकलची वांगी म्हणून ती ले-आऊटभर वाटली गेली.

काही जण काळ्या मातीतच ४ ते ६ टक्के विरवलेला चुना मिसळायला सांगतात. रस्त्यांच्या कामात ते होतं आणि चुन्याने तिचं फुगणं खरंच कमी होतं. पण हाताने एकसारखं मिसळणं कठीण, चुना डोळ्यांत-फुफ्फुसांत जातो, आणि अंदाज चुकला तर काही ठिकाणी टणक आणि काही ठिकाणी लोणी. मुरुमाची ट्रॉली परवडते. कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांची राखही सुचवली जाते. ती खालच्या भरावात एक वेळ ठीक, पण जिथे मुलं धूळ खातात त्या वरच्या थरात माझा तिला नकार आहे.

किती ट्रॉल्या

इथे जवळपास प्रत्येक जण फसतो, कारण डोळ्यांना रोलर मोठे दिसतात आणि माती बर्म खातात. ३५ सेंटिमीटर उंच, दोन मीटर रुंद रोलरला उतरत्या कडांसकट साधारण दीड घनमीटर माती लागते. आठ रोलर म्हणजे १२. मीटरभर उंचीच्या अर्धवर्तुळी एका बर्मला पुढचा चढ, माथा आणि मागचा उतार धरून जवळजवळ १७ घनमीटर लागतात, दोघांना ३४. सरळ पट्ट्यांखालची गादी आणखी १७. सगळं मिळून ६३, आणि चोपल्यावर माती बसते म्हणून सव्वापट, म्हणजे ७९ घनमीटर. एक ब्रास २.८३ घनमीटरचा, तेव्हा सुमारे २८ ब्रास. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत साधारण एक ब्रास मावतो. काळी माती नसलेल्या जागी गादी वगळा, वीस-एकवीस ब्रासवर भागतं.

आमच्या ट्रॅक्टरवाल्या दादांनी पंधराव्या खेपेला शेवटी विचारलंच, "काहून बापा, एवढा मुरूम कशाले? घर बांधून राहिले का?" पोरांच्या सायकलींसाठी म्हटल्यावर त्यांनी पुढची ट्रॉली स्वतः वळवून बर्मच्या जागी नेमकी रिकामी केली. खेप कुठे पडते याला फार किंमत आहे. चुकीच्या जागी पडलेली एक ट्रॉली घमेल्याने हलवायला चार माणसांची सकाळ जाते.

पाणी

मुरुमाची पहिली ट्रॉली येण्याआधी पाईप पुरा. या सूचनेत मागेपुढे नको. दोन पट्टे आणि दोन बर्म यांनी मिळून एक थाळी तयार होते आणि पाऊस त्या थाळीत साठतो. २६ बाय १२ मीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर साडेपंधरा हजार लिटर पाणी होतं, पाच हजारी टँकर तीन. २३ सप्टेंबर २०२३ ची ती रात्र, अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हाची, ज्यांनी पाहिलीय त्यांना हा आकडा अतिशयोक्ती वाटणार नाही. चार इंची पाईप कागदावर जेमतेम पुरतो, पण त्यात पहिल्याच पावसात गाळ बसतो. म्हणून सहा इंची घाला, शंभराला एक असा उतार द्या, आतल्या तोंडाला जाळी आणि भोवती हातभर खडी. आतल्या भागाचा उतार पाईपच्या तोंडाकडे काढा. दोन रोलरमधल्या प्रत्येक खोलगट जागेला आतल्या बाजूला किंचित कल द्या, दोन मीटर रुंदीत चार सेंटिमीटर पुरे. पाण्याचं डबकं जिथे साठतं तिथेच ट्रॅक फुटायला सुरुवात होते, उंचवट्यावर नव्हे.

आखणी आणि बांधणी

आता आकार. रोलरच्या उंचीच्या दहापट अंतर एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंत, हे जगभर चालणारं प्रमाण. ३५ सेंटिमीटर उंचीला साडेतीन मीटर. सरळ पट्टा १४ मीटरचा, त्यात चार माथे: १.७५, ५.२५, ८.७५ आणि १२.२५ मीटरवर. दोन पट्ट्यांच्या मधोमधच्या रेषा एकमेकींपासून सहा मीटर. दोन्ही टोकांना खुंटी ठोकून तीन मीटरच्या दोरीने अर्धवर्तुळ काढा. कबड्डीच्या मैदानाला टाकतात ती फक्की टाकून सगळं आखा आणि त्यावरून आधी पायी चाला, मग सायकल हळू फिरवा. वळण घट्ट वाटलं तर दोरी आत्ताच वाढवा.

रोलरचा माथा टोकदार झाला की पुढचं चाक हवेत जातं आणि नवखा घाबरतो. म्हणून प्लायवूडचा अर्ध्या रोलरचा साचा कापून घ्या. पायथ्यापासून माथ्यापर्यंतचे १७५ सेंटिमीटर चार सारख्या भागांत वाटले, तर उंची अशी येते: शून्य, ५, १७.५, ३० आणि माथ्यावर ३५. हे बिंदू हलक्या वळणाने जोडायचे. सुताराला सांगताना "लाट" म्हणा, लगेच समजतं.

मुरूम दहा-बारा सेंटिमीटरच्या थरांत टाका. प्रत्येक थरावर झारीने पाणी मारा आणि चोपा. ओल बरोबर आहे का, याची खूण हातात मिळते. मूठभर मुरूम आवळा, लाडू व्हायला हवा. तो कमरेएवढ्या उंचीवरून खाली सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडा, पुन्हा झारी. पचकन चपटा झाला तर ओला, अर्धा दिवस थांबा. पाणी सोडून पाईपने भिजवायचा मोह होतोच, तो आवरा. ओला चिखल चोपताना रबरासारखा हलतो आणि आत हवा तशीच राहते. सरळ पट्ट्यांना भाड्याचा प्लेट कॉम्पॅक्टर, म्हणजे माती चोपायचं यंत्र, चालतो. बर्मच्या चढावर तो घसरतो, तिथे हाताने चोपायचं जुनं जड धुम्मसच लागतं, आणि खांद्यात जोर असलेला माणूस. साच्यापेक्षा तीन-चार सेंटिमीटर जास्त उंच बांधून शेवटी फावड्याच्या धारेने तासून आकार काढायचा. भर घालून आकार आणला तर वरचा पापुद्रा सुटतो.

बर्मचा चढ खालून हळू सुरू होऊन माथ्याशी ४५ अंशांपर्यंत जाऊ द्या. लहान मुलांना त्याहून उभा नको. मागच्या उतारावर लगेच हरळी लावा. तिची मुळं मातीला धरतात आणि पाण्याची धार मोडतात.

तयार ट्रॅकला एक आठवडा हात लावू नका. रोज संध्याकाळी हलकी झारी, बास. मुलं कुंपणाला चिकटून उभी असतील. त्यांना सांगा, मुरूम मुरतोय.

पहिली फेरी

सीट पार खाली. टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा जास्त, ३५ ते ४० पीएसआय. दोन्ही पॅडल एका पातळीत, उभं राहायचं, गुडघे-कोपर सैल, ब्रेकवर एकेकच बोट. चढताना हात-पाय आखडून सायकलला वर येऊ द्यायचं आणि माथा ओलांडला की पायांनी दाबून तिला उतारात ढकलायचं. बहुतेक मुलं उलटं करतात, चढावर दाबतात, आणि तिसऱ्या रोलरवर थांबतात. एका सकाळी मागे कॅरिअर आणि त्यावर अजून दप्तराचा पट्टा लटकलेली सायकल घेऊन आठवीतली एक मुलगी आली. चौथ्या प्रयत्नात तिला तो उतारावरचा दाब सापडला, आणि महागडी सायकल घेऊन आलेले तिघे तिच्याकडे पाहत उभे राहिले.

ट्रॅकची परीक्षाही हीच. थोड्या सरावाचा माणूस बिनपॅडल पूर्ण फेरी मारू शकला पाहिजे. सगळे एकाच ठिकाणी अडखळत असतील तर दोष त्या रोलरच्या अंतरात आहे, टेप लावा. सगळ्यांचं पुढचं चाक एकाच माथ्यावर उडत असेल तर तो माथा तासा. बर्ममधून बाहेर पडताना सायकल बाहेर फेकली जात असेल तर शेवटच्या टोकाला चढ लवकर संपतोय.

कौशल्याचा कोपरा

जागा उरली तर माउंटन बाइकिंगच्या सरावासाठी दोन-चार अडथळे ठेवा. फूटभर रुंदीची, जमिनीपासून वीतभर उंच लाकडी फळी तोल शिकवते. पण नागपुरात जमिनीला टेकलेलं लाकूड म्हणजे वाळवीचं जेवण. आमची पहिली फळी वरून ठणठणीत आणि आतून पोकळ निघाली. लाकूड विटांच्या किंवा काँक्रीटच्या ठोकळ्यांवर ठेवा, आणि पावसात घसरू नये म्हणून वरून कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी ठोका, तारांची टोकं खाली वळवून. बेसाल्टचे मोठे गोटे दोन-तृतीयांश पुरून दहा फुटांचा खडकाळ पट्टा करा. हललेला दगड अपघात करतो, म्हणून पुरल्यावर प्रत्येकावर उड्या मारून पाहा. वीस-तीस सेंटिमीटरची एक पायरी उतरण्यासाठी. त्याहून उंच काही सार्वजनिक जागेत बांधू नये असं माझं मत आहे, कारण रात्री दहाला मोबाइलच्या उजेडात ते करून पाहणारा पोट्टा येतोच.

रोजचं

नियमांचा फलक छोटा ठेवा. सगळे एकाच दिशेने, हेल्मेटशिवाय नाही, सहा वर्षांखालच्यांना सकाळी आठ ते नऊ वेगळा वेळ. उन्हाळ्यात दहा ते पाच बंद, आणि संध्याकाळी झारी, त्यासाठी घराघरांतलं आरओचं वाया जाणारं पाणी चालतं. दर रविवारी एक फावडं, एक धुम्मस आणि दोन माणसं अर्धा तास. खड्डा अंगठ्याएवढा असताना बुजवला तर मूठभर मुरूम लागतो.

पावसाळ्यात ट्रॅक चालू की बंद, हे टाचेने ठरवा. टाच दाबून ठसा उमटला तर दोरी बांधा, पाटी लावा. तान्हा पोळ्याला मुलं लाकडी बैल घेऊन ट्रॅकवर फिरली तरी चालतं, बैलांच्या चाकांनी काही बिघडत नाही. ओल्या ट्रॅकवरची सायकलची एक फेरी मात्र कोरडी झाली की महिनाभर दिसते.

ऑक्टोबरमध्ये बर्मचा वरचा दोन इंच थर खरवडून, भिजवून, नव्या मुरुमासोबत पुन्हा चोपावा लागतो. त्यासाठी आम्ही एक ट्रॉली मुरूम कडुनिंबाखाली ताडपत्री टाकून राखून ठेवतो. ताडपत्रीवर विटा ठेवाव्यात आणि ढिगाच्या पायथ्याशी फक्कीची एक रेघ मारावी, नाहीतर शेजारी कोणाचं घर चालू असलं की ढीग आठवड्याला घमेल्या-घमेल्याने लहान होत जातो.